नाचाची चाल

मुरबाडात एके काळी लोक धरूनच चालायचे, की गिटार हे वाद्य मरणाऱ्या माणसासाठी असतं. हसू नका. गावात गिटार एकच होती, ती माझी होती, आणि ती ज्या घरी वाजली त्या घरातून बहुतेक वेळा माणूस उचलला गेला. मी समजावून समजावून थकले. माझ्या गोवऱ्या आता मसणात गेल्यात, तरी त्या लोकांना मी माफ केलेलं नाही.

मी मूळची सापगावची. वडील तिथल्या शाळेत मास्तर, जोडीला थोडं भाताचं शेत आणि दोन म्हशी. म्हशींचा सगळा कारभार आईकडे. आसनगाव स्टेशनावर गोव्याकडचे एक तारमास्तर होते, त्यांच्या क्वार्टरला आमचं दूध जायचं. माझी शाळा संपली आणि ते दूध पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शहापूरच्या बाजारातून पुढे स्टेशनापर्यंत चालायचं, दूध ओतून द्यायचं आणि परत फिरायचं. मी वेळेवर परत आले असं कधी झालं नाही, कारण तारमास्तरांची बायको गिटार वाजवायची.

उंच, किडकिडीत बाई. अंगात ढगळ फ्रॉक, पायात सपाता. मूलबाळ नव्हतं, शेजारणी तिच्याशी बोलत नसत, आणि दिवसभर मालगाड्या ऐकून तिला वीट आला होता. एक दिवस मी दारात रेंगाळलेली पाहून तिनं मला आत घेतलं आणि गिटार मांडीवर ठेवली. "तुला आवड आहे म्हणून नाही शिकवत हां," ती म्हणाली. "मला कोणीतरी पाहिजे म्हणून शिकवते." असं तोंडावर खरं बोलणारी माणसं मला पुढे फार भेटली नाहीत.

तिनं मला एकच चाल शिकवली. तिच्या मामाला ती गोव्यातल्या चर्चच्या वाद्यवाल्यांकडून आली होती. तीनशे वर्षांपूर्वी इटलीकडच्या कुणा वाजवणाऱ्यानं राजाच्या दरबारासाठी बसवलेली. त्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. अंगठ्यानं खालचे जाड सूर धरायचे आणि बाकीच्या बोटांनी वरची चाल चालवायची. दोन सूर लांब आणि संथ, मग एक छोटी उडी, मग थांबायचं. पुन्हा दोन लांब, एक उडी, थांबायचं. मला वाटलं, हे काय अवघड आहे? अवघड होतं ते थांबणं. माझी बोटं पुढे पळायची आणि ती माझ्या मनगटावर चापट मारायची. "थांब. नाचणाऱ्यांची पावलं जमिनीवर येऊ देत. हे नाचाचं आहे गो."

तिनं मला त्या नाचाचं सांगितलं. भरजरी कपड्यातले बाईपुरुष ओळीनं उभे राहत, एकमेकांचा हात धरत आणि अगदी हळू पावलं टाकत. मी घरी येऊन आईला सांगितलं. आईचा पहिला प्रश्न होता, "नवराबायकोच ना गो?" मी म्हटलं, असतील. "मग नाचू देत," म्हणून तिनं त्यांना परवानगी देऊन टाकली.

पुढे तारमास्तरांची बदली भुसावळकडे झाली. बाईनं सामान बांधलं, नवी गिटार बरोबर घेतली आणि ही जुनी माझ्या हातात दिली. एका कडेला पोपडा उडालेली, एक खुंटी बदललेली. वडिलांना पसंत नव्हतं, पण मास्तर असल्यामुळे विद्येला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. आईनं मात्र ती गिटार मनापासून घरात घेतली. मी पडवीत वाजवायला बसले की ती सूप घेऊन समोर यायची. दोनदा हळू पाखडायचं, एक झटका द्यायचा, कोंडा उडाला की थांबून खडे बघायचे. थोड्याच दिवसांत तिचं पाखडणं आणि माझं वाजवणं एकच होऊन गेलं. मी थांबले की ती थांबायची, आणि ती एखादा खडा वेचण्यात गुंतली तर मी तेवढा वेळ सूर धरून ठेवायची. "तुझ्या त्या वाजपानं तांदूळ बरे निवडतात," असं ती म्हणायची. दरबारातल्या त्या लोकांना कळलं असतं तर त्यांनी नाकं मुरडली असती, पण ती चाल माझ्या आईइतकी बरोबर कोणीच चालली नाही, हे माझं ठाम मत आहे.

मला पाहायला मुरबाडची माणसं आली, तेव्हा रिवाजाप्रमाणे विचारलं, मुलीला काय काय येतं. स्वयंपाक येतो, लावणी-कापणी येते, लिहिता-वाचता येतं, आणि हे वाजवता येतं. वडील ते शेवटचं पुटपुटलेच, पण होणारे सासरे कानांचे तिखट होते. त्यांनी वाजवायला लावलं. संपल्यावर सासूबाई छताकडे बघत होत्या. सासऱ्यांनी विचारलं, "हे कशाचं गो?"

हा प्रश्न आमच्याकडचा. आमच्या बाजूला कुठलंही वाजप कशाचं तरी असतं. सनई लग्नाची, संबळ गोंधळाचा, तारपा कापणीनंतरच्या नाचाचा. हळदीची गाणी हळदीलाच म्हणायची, गौरीची गौरीला. उगीच कोणी काही वाजवत नाही. मी म्हटलं, नाचाचं आहे. "मंग नाचायचं कोणी? मी?" सासरे म्हणाले आणि स्वतःच हसले. लग्न ठरलं.

सासरी भाताचा आणि गवताचा व्यापार. दारात गाड्या उभ्या, अंगणात गवताचे भारे, पहाटेपासून आरडाओरडा. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी डाव्या हाताची बोटं उलटी करून पाहिली. टोकांना घट्टे पडले होते. "काम करून हात असा व्हतो, बसून नाय," त्या म्हणाल्या. पण सासऱ्यांना माझ्या वाजवण्याचा शौक लागला. दुपारी गाडीवाले जेवून ओटीवर टेकले की मला बोलावणं यायचं. "आमची सून विलायती वाजवते," असं ते सांगायचे, जणू ती चाल त्यांनीच वखारीत भरून ठेवली होती. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. त्या घरात माझं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात सासऱ्यांना जलोदर झाला. पोट फुगलं, पाय सुजले, बोलणं बंद झालं. वैद्यानं हात टेकले. त्यांना खाली घोंगडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं, तुळशीचं पान ठेवलं, तरी जीव जाईना. एक दिवस गेला, दोन गेले. मग घरातली मोठी माणसं बसली आणि विचार सुरू झाला, की जीव कशात अडकलाय. आमच्याकडे हे असतंच. माणूस सुटत नसला तर त्याची कुठलीतरी इच्छा राहिली असं समजायचं आणि ती शोधून काढायची. त्यांच्या आवडीचा बैल दारात आणून उभा केला. ज्या भावाशी अबोला होता त्याला माळशेजच्या पायथ्याकडून बोलावलं. जिभेवर मटणाचा रस्सा लावला. काही उपयोग नाही. मग सासऱ्यांनी हात थोडा उचलला आणि माझी गिटार टांगली होती त्या भिंतीकडे बोट केलं.

मी त्यांच्या उशाशी बसून वाजवलं. भर दुपार होती, बाहेर गाड्या थांबलेल्या होत्या. मी त्या माणसासाठी वाजवत होते, ज्यानं माझं वाजवणं चारचौघांत मिरवलं होतं, आणि मला रडू येत होतं. चाल दुसऱ्यांदा वर चढली आणि तिच्या थांब्यावर ते थांबले. पुन्हा श्वास घेतला नाही. मला आजही वाटतं, की ते मरण चांगलं होतं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

पण गावानं त्यातून वेगळंच शहाणपण काढलं. बारावं-तेरावं झालं आणि शेजारच्या आळीतला एक जण ओटीवर येऊन उभा राहिला. त्याची आई बरेच दिवस तळमळत होती. "वैनी, जरा येता का? तुमची ती सतार घेऊन. म्हातारीचा जीव अडकलाय." मी म्हटलं, अहो, ते तसलं काही नाही, ते नाचाचं आहे. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, जणू मी भरल्या विहिरीवर बसून पाणी नाकारतेय. सासूबाई आतून म्हणाल्या, "मरणाऱ्याच्या दारी नाय म्हणू नये. जा." नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जाऊन ये. आपलं काय जातंय?" त्याचं काही जात नव्हतं, हे खरंच होतं.

मी गेले. वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. ती तशीही जाणारच होती, पण हे कोणाला सांगता?

तिथून पुढे जे सुरू झालं ते थांबलं नाही. मुरबाडातून, आसपासच्या गावांतून, पार डोळखांबकडच्या पाड्यांवरून माणसं यायची. बैलगाडी पाठवायचे. मी गोधडीत गुंडाळलेली गिटार मांडीवर घेऊन जायची, आणि वाटेवरच्या बायका पदर तोंडाशी धरून विचारायच्या, "कोणाकडं?" त्या घरात शिरले की माणसं बाजूला होत. खाटेवरचा माणूस मला बघायचा. त्या नजरांचं मी काय करू? काहींना खरंच सुटका हवी असायची, त्यांचं सोडा. पण काहींना नको असायची. त्यांना फक्त थोडं पाणी आणि कोणीतरी जवळ हवं असायचं, आणि घरच्यांनी त्यांच्यासाठी मला आणलेलं असायचं.

एका पाड्यावर एक म्हातारा माझं वाजवणं शेवटपर्यंत ऐकून उठून बसला आणि त्यानं नाचणीची पेज मागितली. त्याची मुलं माझ्यावर नाराज. "वैनी, तुमी मन लावून नाय वाजवलंत," थोरला म्हणाला. तो म्हातारा पुढे चांगला जगला. मुरबाडच्या बाजारात मी दिसले की टोपली डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूनं सटकायचा. त्याला मी दोष देत नाही. तेवढा एकच माणूस त्या तालुक्यात मला शहाणा वाटला.

घरात माझी किंमत वाढली आणि घराबाहेर मला कोणी विचारेना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका माझ्या कपाळाला बोट लावून घाईनं पुढच्या बाईकडे वळायच्या. डोहाळजेवणाचं आमंत्रण सासूबाईंना यायचं आणि निरोप्या शेवटी हळूच म्हणायचा, "तुमीच या." बारशाला तर मी गेलेच नाही. मी सवाष्ण होते, कोणाचं वाईट केलं नव्हतं. उलट, रात्री माझा डोळा लागला असला तरी उठवून हीच माणसं मला न्यायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला घरी वाजवता येईना. एकदा मी सहज चार सूर छेडले, तर मागच्या दारानं मोलकरीण धावत आली. "कोण गेलं?" ती म्हणाली. माझी चाल माझ्याच घरात मला बंद झाली.

लढाईच्या दिवसांत कल्याणला गिटारीच्या तारा मिळेनात. मला आनंद झाला. वाटलं, संपलं आता. तर गावकऱ्यांनी कापूस पिंजणाऱ्याला गाठलं आणि त्याच्या पिंजण्याच्या धनुकलीची आतड्याची तात मला आणून दिली. सूर जाड आणि घोगरा निघायचा. लोक म्हणाले, "आता तर जास्त लागू पडतं." असल्या लोकांपुढे डोकं आपटून काय होणार?

लढाई संपत आली होती तेव्हा सापगावहून निरोप आला, की आईला हिवताप भरलाय आणि उतरत नाही. वडील तोवर गेले होते. मी गाडी जोडायला सांगितली आणि गिटार बरोबर घेतली. का घेतली हे मी स्पष्ट सांगते. ती तारमास्तरांची बायको सोडली, तर सगळ्या जगात एकच बाई होती, जिला ही चाल नाचाची आहे हे माहीत होतं. मला वाटलं, तापात पडलेली आई ती ऐकून जरा हसेल. हातानं पांघरुणावर पाखडल्यासारखं करील. मला निदान एकदा तरी ती चाल जिवंत माणसासाठी वाजवायची होती, आणि तेही आईपुढे.

मुरबाडाहून सापगावपर्यंत वाट लांब आहे, पण माझ्या गिटारीची कीर्ती माझ्या आधीच पोचली होती. अंगणात गाडी थांबली. मी गोधडीतली गिटार घेऊन उतरले, तशी दारात बसलेली एक शेजारीण उभी राहिली आणि गळा काढून रडायला लागली. दुसरी तुळशीचं पान आणायला गेली. मी ओरडले, की आईला काय झालंय ते तरी सांगा. मी घाबरून तशीच आत धावले.

आई भिंतीला टेकून बसली होती. हातात पाण्याचं भांडं. डोळे खोल गेलेले, पण जागी होती, शुद्धीत होती. तिनं मला पाहिलं, मग माझ्या हातातलं गोधडीतलं पाहिलं. भांडं खाली ठेवलं.

"इतक्यात आणलंस गो?" ती म्हणाली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मी गिटार तिथंच भिंतीशी ठेवून तिच्याजवळ बसले. "आये, हे नाचाचं आहे. तुला ठाऊक आहे. तू सूप घेऊन यायचीस ना? यावर तू तांदूळ पाखडायचीस."

"तवा व्हतं गो," आई म्हणाली. "आता नाय. माझी येळ अजून व्हायचीय. ते भायेर ने."

ती माझ्यावर रागावली असती तर मला चाललं असतं. ती घाबरली होती. माझी आई, जिनं गोठ्यात शिरलेल्या सापाला चुलीतल्या लाकडानं हाकललं होतं, ती मला घाबरली होती. मी गिटार उचलून गोठ्याच्या माळ्यावर टाकली. आत आले तर तिनं विचारलं, "गेलं का घराभायेर?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. मी परत हो म्हटलं. त्यानंतरच ती आडवी झाली.

शहापूरच्या दवाखान्यातल्या कडू औषधानं तिचा ताप उतरला. शेजारणींचं मत पडलं, की पोरीनं वाजवलं नाही म्हणून म्हातारी वाचली. हेही खातं माझ्याच नावावर. आईनं त्यांना दुजोरा दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी तिचं सगळं केलं, अंग पुसलं, केस विंचरले, पेज भरवली. तिनं ते मायेनं करून घेतलं. पण मी गोठ्याकडे गेले की ती ओटीवरून मान वळवून बघत राहायची, मी रिकाम्या हातानं परत येईपर्यंत.

गिटार मी तिथंच ठेवली. मुरबाडला जाऊन सांगितलं, की माळ्यावर उंदरांनी तारा खाल्ल्या, खोका फुटला, आता काही होत नाही. लोक चिडले. माणसं तळमळताहेत आणि हिला एक वाद्य सांभाळता येत नाही, असं माझ्या तोंडावर बोलले. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पुढे हळूहळू हळदीकुंकवाची बोटं माझ्या कपाळावर जरा जास्त वेळ टेकायला लागली. त्यासाठी मी कोणाचे उपकार मानत नाही.

पण सापगावहून निघायच्या आदल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. आई पहिल्यांदाच उठून कामाला लागली होती. मी नको म्हणत असताना तिनं सूप घेतलं आणि पडवीत उन्हाच्या तुकड्यात बसली. मी आत भाकऱ्या थापत होते. पाखडण्याचा आवाज आला आणि माझे हात परातीत थांबले. दोनदा हळू, एक झटका, मग थांबणं. पुन्हा दोनदा हळू, एक झटका, थांबणं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, उडीसकट, मी जिथं सूर धरून ठेवायची तिथं तेवढंच थांबून. एवढं तिच्या हातात शिल्लक होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी दाराशी येऊन उभी राहिले. खूप वाटलं, म्हणावं, आये, हे बघ, हेच ते. पण म्हटलं असतं तर तिनं हात थांबवला असता. मी परत आत गेले आणि तिचे तांदूळ संपेपर्यंत तव्यावर भाकरी टाकली नाही.